लांगे (पिएमोन्ते, इटली): बारोलोच्या द्राक्षमळ्यांतून गावोगाव पायी – पाच दिवसांचा बेत

माळरान

इटलीच्या वायव्येला आल्बा शहराच्या दक्षिणेकडे लांगे नावाचा डोंगराळ टापू आहे. बारोलो ही वाइन इथलीच. लांगे-रोएरो आणि मोन्फेर्रातो इथले द्राक्षमळे २०१४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. डोंगराच्या एकेका सोंडेवर एकेक गाव, त्यात किल्ला नाहीतर बुरूज, आणि दोन गावांच्या मधे नुसते मळे.

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात चौघांनी जायचं ठरवतोय. वयं ३४ ते ६३, सगळ्यांना सह्याद्रीत चालायची सवय. दोघं शाकाहारी, एक जण दारू घेत नाही. आराखडा असा: आल्बा – ला मोर्रा – बारोलो – मोन्फोर्ते – सेर्रालुंगा – आल्बा. रोज नवं गाव, सामान पाठीवर. नकाशावर मधला एकेक टप्पा चार-पाच किलोमीटरचाच दिसतोय, म्हणून रोज दोन टप्पे उरकावेत असंही वाटतंय.

टप्पे बरोबर आहेत का? बूट कसले लागतील? शाकाहारी जेवणाचं काय? आणि वाइन चाखणं चालण्यात कुठे बसवायचं? माहीतगारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

---

घाटवाट

माळरानताई, चार-पाच किलोमीटर हे सरळ रेषेतलं अंतर आहे. गावं सोंडांवर आहेत, त्यामुळे प्रत्येक टप्प्यात आधी पूर्ण उतार आणि मग पूर्ण चढ. शिवाय वाट मळ्यांना वळसे घालत जाते. सरळ रेषेतलं अंतर दीडपट धरा. इथे ताशी साडेतीनच्या वर वेग धरू नका, कारण थांबून बघावं अशा जागा फार आहेत.

आल्बा १७२ मीटरवर, तानारो नदीकाठी. ला मोर्रा ५१३ मीटरवर, म्हणजे बारोलोच्या गावांमध्ये जवळजवळ सगळ्यात उंच. बारोलो गाव ३०० च्या आसपास, एका खोलगट जागी. मोन्फोर्ते ४८०, सेर्रालुंगा ४१४, कास्तिल्योने फाल्लेत्तो ३५० च्या आसपास.

पहिला दिवस. आल्बा ते ला मोर्रा सगळं चालू नका. आल्बातून बाहेर पडताना सपाटीवरचा वाहता रस्ता आहे, त्यात काही हाती लागत नाही. टॅक्सीने वेरदूनो गावी उतरा आणि तिथून ला मोर्रा पायी करा, पाच-सहा किलोमीटर, हळूहळू चढ. प्रवासाच्या थकव्यानंतर इतकं पुरे. ला मोर्राच्या वरच्या चौकात कठडा आहे. तिथून समोर बारोलोचे सगळे डोंगर एका नजरेत येतात, आणि हवा स्वच्छ असली तर आल्प्सही दिसतो, ३,८४१ मीटरच्या मोनव्हीझोच्या सुळक्यासह. पुढच्या चार दिवसांची वाट इथूनच नजरेखालून घाला. कुठली सोंड कुठे जाते ते इथे कळलं की पुढे नकाशा फारसा काढावा लागत नाही.

दुसरा दिवस, ला मोर्रा ते बारोलो. दोनशे मीटरचा उतार, वाट सहा किलोमीटरच्या आत. ब्रुनाते मळ्यातल्या रंगीत चॅपेलवरूनच जा. १९१४ मध्ये मळ्यातल्या मजुरांना गारपीट-पावसात आसरा म्हणून बांधलेली ही छोटी इमारत. १९९९ मध्ये कलाकार सोल लेविट यांनी ती बाहेरून रंगवली आणि डेव्हिड ट्रेमलेट यांनी आतून. बारोलोत फाल्लेत्तींच्या किल्ल्यात वाइनचं संग्रहालय आहे, त्याला दीड-दोन तास ठेवा.

तिसरा दिवस, बारोलो ते मोन्फोर्ते. बुस्सियाच्या मळ्यांतून सहा-सात किलोमीटर, शेवटचा चढ अंगावर येणारा. पायात जोर असेल तर नोव्हेल्लोवरून वळसा घाला. तीनेक किलोमीटर वाढतात, पण नोव्हेल्लोची नाशेत्ता ही पांढरी द्राक्षाची जात तिच्या गावीच चाखायला मिळते.

चौथा दिवस, मोन्फोर्ते ते सेर्रालुंगा. सगळ्यात अवघड आणि माझ्या मते सगळ्यात देखणा. पेर्नो वाडीपर्यंत सोंडेवरून, मग ताल्लोरिया ओढ्याच्या खोऱ्यात पार खाली, आणि समोरच्या सोंडेवर तितकंच वर. आठ-नऊ किलोमीटर, पण साडेतीन तास धरा. सेर्रालुंगाचा चौदाव्या शतकातला उभा अरुंद किल्ला सतत समोर दिसतो, त्यामुळे आलोच असं वाटत राहतं. ओढ्याच्या तळाशी पोचलात की निम्मं झालं असं समजा.

पाचवा दिवस, सेर्रालुंगा – कास्तिल्योने फाल्लेत्तो – ग्रिन्झाने कावूर. दहा-बारा किलोमीटर. ग्रिन्झानेहून आल्बाला बस किंवा टॅक्सी, पायी नको.

---

निफाडचा बागायतदार

टप्प्यांबद्दल घाटवाटांना अनुमोदन. मातीबद्दल आणि मळ्यात कसं वागावं याबद्दल लिहितो.

सगळ्यात आधी चिखल. इथली जमीन चुनखडीयुक्त मार्लची, म्हणजे बारीक गाळ आणि चिकणमातीची, राखाडी-निळसर. कोरडी असली की पायाखाली कडक आणि छान. पाऊस पडला की बुटाच्या खाचा भरतात, त्या मातीला पुढची माती चिकटते, आणि पन्नास पावलांत प्रत्येक बूट किलोभर जड होतो. पुढे तळव्याची पकडच राहत नाही. आपल्या काळ्या रानात पावसानंतर जे होतं तेच, फक्त इथे ते तीस टक्के उतारावर होतं.

उतार कुठल्या दिशेला आहे ते पाहूनच वाट निवडा. दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारांना इथले लोक 'सोरी' म्हणतात. हिवाळ्यात बर्फ तिथे आधी वितळतं आणि पावसानंतर माती तिथेच आधी सुकते. ऊन पडलं तर एका दिवसात चालण्याजोगं होतं. उत्तरेकडच्या उतारांवर हेझलनटच्या बागा आणि रान असतं, तिथे तीन-तीन दिवस ओल राहते. मोन्फोर्ते-सेर्रालुंगा टप्प्यात खोऱ्याचा तळ नेमका असाच. आदल्या दिवशी जोरदार पाऊस झाला असेल तर तो टप्पा डांबरी रस्त्याने करा नाहीतर टॅक्सी करा, हट्ट नको.

नकाशावरची स्थानिक नावंही उपयोगी पडतात. 'ब्रिक्को' म्हणजे टेकडीचा माथा. 'रोक्के' म्हणजे झिजून तुटलेला उभा कडा, त्या नावाजवळ वाट अरुंद आणि तीव्र असणार. 'काशीना' म्हणजे शेतघर, तिथे कुत्रा असणार हे धरून चाला. 'चाबोत' म्हणजे मळ्यातली अवजारांची खोपटी.

आता मळा. वेलींच्या रांगा बहुतेक उताराला आडव्या, समपातळीत लावलेल्या असतात. त्यामुळे रांगेत शिरून खालच्या रस्त्याला जवळच्या वाटेने जाऊ असं कुणी ठरवलं तर ते जमत नाही. रांग खाली नेतच नाही, ती डोंगराला वळसा घालते आणि बांधाशी संपते. मग तारांमधून आडवं घुसावं लागतं, आणि नुकसान तिथे होतं. बारोलो ज्या द्राक्षाची होते त्या नेब्बिओलोच्या काडीवरचे पहिले दोन-तीन डोळे सहसा फळ देत नाहीत, म्हणून छाटणीत लांब काडी राखून ती खालच्या तारेला आडवी बांधतात. घड कमरेच्या खालीच लटकतात. पाठीवरची पिशवी वाकून त्या तारेखालून काढली की घड चिरडतात आणि नव्या काड्या मोडतात. तुम्ही जाणार तेव्हा नेब्बिओलोची तोडणी चालू असेल नाहीतर तोंडावर असेल, वर्षभराचं पीक तेव्हा वेलीवर असतं. म्हणून मळ्याच्या कडेने जाणाऱ्या पाणंदीवरूनच चाला. ट्रॅक्टर आला की वरच्या बाजूला उभं राहून वाट द्या, खालच्या बाजूला नाही.

द्राक्ष तोडून तोंडात टाकू नका. ते दुसऱ्याचं पीक आहे हे तर आहेच, शिवाय पानांवर निळसर डाग दिसतील ते तांब्याच्या फवारणीचे. केवडा या बुरशीजन्य रोगासाठी आपण मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण मारतो तेच. मे ते जुलैमध्ये जाणाऱ्यांनी जास्त जपावं, तेव्हा फवारणी जोरात असते. फवारणीच्या ब्लोअरचा आवाज आला की वाऱ्याची दिशा बघून थांबा.

नाशिककडच्या मंडळींना एक फरक लगेच जाणवेल. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी अशा दोन. तिथे हिवाळ्यात वेल झोपते, छाटणी एकदाच.

---

तुरिनवासी

प्रवास आणि वेळा.

तोरिनोच्या, म्हणजे तुरिनच्या, पोर्ता सूझा स्थानकावरून ब्रा मार्गे आल्बाला लोकल येते, साधारण सव्वा तास. कागदी तिकीट घेतलंत तर चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात ते छापून घ्या. तिकीट असूनही दंड भरावा लागतो तो याच चुकीपायी. आल्बाहून गावांना जाणाऱ्या बस मोजक्या आहेत, त्याही शाळेच्या वेळांना धरून. रविवारी बसच्या भरवशावर बेत ठरवू नका. बसचं तिकीट तबाक्कीच्या, म्हणजे तंबाखूच्या दुकानात मिळतं.

गावांत टॅक्सी उभ्या नसतात. आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणी सांगून ठरवायची. तीच टॅक्सी चौघांच्या बॅगाही पुढच्या गावी नेऊन ठेवते, आणि खर्च चौघांत वाटला की जड वाटत नाही. माझं स्पष्ट मत: १० किलो पाठीवर घेऊन या उतारांवर चालण्यात काही मिळवण्यासारखं नाही, आणि ६३ वर्षांच्या गुडघ्यांना तर नकोच. पाठीवर पाणी, पावसाळी जाकीट, खाऊ, पासपोर्ट, एवढंच असावं. पासपोर्ट मूळच हवा, प्रत्येक मुक्कामावर नोंद करताना मागतात.

त्याहून सोपा मार्ग म्हणजे दोनच मुक्काम. दोन रात्री ला मोर्रा, दोन रात्री मोन्फोर्ते, आणि रोज तिथून चालून परत. ऑक्टोबरमध्ये आल्बाची पांढऱ्या ट्रफलची (जमिनीखाली वाढणाऱ्या महागड्या बुरशीची) जत्रा सुरू झाली की शनिवार-रविवारी खोल्या महाग होतात आणि एका रात्रीसाठी बरेच जण देतही नाहीत.

दिवस किती उरतो हेही पाहा. ऑक्टोबरच्या मध्यास सूर्यास्त पावणेसातच्या सुमारास. शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि त्याच दिवसापासून साडेपाचच्या आत सूर्य मावळतो. नेब्बिओलोचं नाव धुक्यावरून, 'नेब्बिया'वरून पडलं असं मानतात. सकाळी नऊ-दहापर्यंत खोरी भरलेली असतात. वरच्या गावातून ते बघायला सुरेख, पण ओढ्यापाशी वाटेच्या खुणा दिसत नाहीत. धुकं उठल्यावरच उतरा.

---

घाटवाट

बॅगांबद्दल तुरिनवासींचं पटलं, माझ्याकडून ते राहिलं होतं. दोन मुक्कामांबद्दल मात्र मतभेद आहे. सकाळी एक गाव सोडून संध्याकाळी समोरच्या सोंडेवरच्या गावात मुक्कामाला पोचणं, आणि तिथून मागे वळून कालचं गाव बघणं, यासाठीच तर ही वाट चालायची. परत त्याच खोलीवर यायचं तर ती रोजची फेरी होते. शनिवारची रात्र तेवढी आधी पक्की करा, बाकीच्या रात्री सोमवार ते शुक्रवारात बसवा, खोल्या मिळतात.

---

पाऊलखूण

खुणांबद्दल. लाल-पांढरे पट्टे आणि बाणांच्या पाट्या दिसतील. पण बऱ्याच वाटा त्या-त्या गावाने आपल्या हद्दीत आखलेल्या फेऱ्या आहेत, म्हणजे निघाल्या जागी परत आणणाऱ्या. गावाने वाटेला दिलेला आकडा धरून चालत राहिलात तर दोन तासांनी पुन्हा त्याच चौकात याल. हद्दीवर आकडा सोडायचा आणि पुढच्या गावाच्या नावाची पाटी शोधायची. ओपनस्ट्रीटमॅपवर आधारलेलं कुठलंही अॅप फोनमध्ये उतरवून ठेवा, मळ्यांतल्या पाणंदी त्यात चांगल्या आहेत. गाडीसाठीचा नकाशा सरळ डांबरी रस्त्यावर घालतो, आणि त्या रस्त्यांना पदपथ नाही.

बूट: वाटेचा बराच भाग डांबरी किंवा खडीचा आहे. त्यामुळे घोट्यापर्यंतचे जाड कडक बूट घातले तर फोड येतात. खोल पण लांब-लांब खाचांचा तळ असलेले हलके बूट घ्या, जवळ-जवळच्या खाचांत माती अडकून बसते. काठ्या दोन हव्यातच. त्यांच्या टोकाने बुटाची माती खरवडताही येते. ओले बूट रात्री वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा आणि तासाभराने बोळे बदला. हीटरला टेकवलेत तर तळवा सुटतो.

शिकारीचा हंगाम साधारण सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारपासून जानेवारीअखेर असतो. मंगळवारी आणि शुक्रवारी इटलीभर शिकारीला बंदी आहे. रानातून जाणारा मोन्फोर्ते-सेर्रालुंगा टप्पा यातल्या एका वारी ठेवता आला तर उत्तम. इतर दिवशी अंगावर भडक नारिंगी किंवा पिवळं काहीतरी असू द्या.

उंच गवतातून गेलात तर रात्री गुडघ्यामागे, जांघेत आणि कमरपट्ट्याखाली गोचीड आहे का बघा. असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, तेल लावत बसू नका. आपत्कालीन क्रमांक ११२. सगळ्यात जवळचं मोठं रुग्णालय वेरदूनोलाच आहे, २०२० मध्ये सुरू झालेलं.

---

पोळपाट

शाकाहाऱ्यांनो, इथे उपाशी राहणार नाही, पण नावं पाठ करून जा. पिएमोन्तेचं जेवण लोणी, अंडी, चीज आणि हेझलनटचं आहे तितकंच मांसाचंही.

'ताजारीन' म्हणजे बारीक कापलेल्या शेवया, किलोभर पिठाला तीस-चाळीस बलकांपर्यंत घालतात. 'बुर्रो ए साल्व्या', म्हणजे लोणी आणि सेजच्या पानांतल्या मागवा. फसगत होते ती 'प्लीन'मध्ये. या चिमटीएवढ्या करंज्याही बुर्रो ए साल्व्यात मिळतात, वरून काहीच दिसत नाही, पण आतलं सारण भाजलेल्या मांसाचं असतं. 'सूगो दार्रोस्तो' म्हणजे मांसाचा रस. रिसोत्तो अल बारोलो, म्हणजे बारोलो घालून केलेला भात, ऐकायला निर्धोक, पण बहुतेक वेळा मांसाच्या अर्कात शिजवलेला. भाजलेल्या लाल मिरच्यांवर 'बान्या काउदा' ओततात, त्यात अँचोव्ही मासा असतो. 'इन्सालाता रुस्सा'त, म्हणजे रशियन सॅलडमध्ये, ट्यूना असू शकतो.

म्हणून नुसतं 'व्हेजितारियानो' म्हणून थांबू नका. 'सेंत्सा कार्ने, सेंत्सा पेशे, सेंत्सा अच्चूगे, सेंत्सा ब्रोदो दि कार्ने' असं एकेक सांगा. मांस, मासे, अँचोव्ही आणि मांसाचा अर्क नको. अर्काचं सांगितलं नाही तर तो गृहीत धरतात.

चालेल असं: कास्तेल्मान्यो चीजमधले न्योक्की (बटाट्याचे छोटे गोळे), दूध-अंड्याचा 'तार्त्रा', रोबिओला चीज आणि मध, हेझलनटचा केक. पारंपरिक चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करणारा पदार्थ) असतं आणि पन्ना कोत्तामध्ये जिलेटिन, हे ज्यांना चालत नाही त्यांनी लक्षात ठेवावं. जे दारू घेत नाहीत त्यांनी 'बोनेत' हे कोकोचं गोड मागवण्यापूर्वी रम आहे का विचारावं, बहुतेक असते.

जेवणाची वेळ चुकली की संपलं. दुपारी साडेबारा ते दोन, रात्री साडेसातनंतर. मधे स्वयंपाकघर बंद, आणि किराणा दुकानंही साडेबारा ते साडेतीन-चार बंद. खाणावळींचा साप्ताहिक बंद बहुधा मंगळवारी किंवा बुधवारी, आणि छोट्या गावात दोन खाणावळी एकाच दिवशी बंद असू शकतात. मुक्काम ठरवताना त्या रात्रीचं टेबलही ठरवा. वाटेसाठी सकाळीच पाव, चीज, फळं घेऊन निघा. पाणी गावातच भरायचं, मळ्यांमध्ये नळ नाही. 'आक्वा नोन पोताबिले' लिहिलेलं पिऊ नका.

---

निफाडचा बागायतदार

वाइन चाखण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. खासगी तळघरांत आधी वेळ घेऊनच जायचं, पायी जाता-जाता दार ठोठावून नाही. तोडणीच्या दिवसांत तर घरचे सगळेच कामात असतात. वेळ न घेता जायचं तर ला मोर्रातली गावाची कान्तिना कोमुनाले किंवा बारोलोच्या किल्ल्यातली एनोतेका, म्हणजे वाइन चाखायचं आणि विकत घ्यायचं दुकान.

वेळ दुपारी चारनंतरची आणि मुक्कामाच्या गावातलीच घ्या. बारोलोत अल्कोहोल किमान १३ टक्के, प्रत्यक्षात १४–१४.५ सर्रास. चार नमुने चाखून दोनशे मीटर उतरायला निघालं की पाय घसरतात. थुंकण्याचं भांडं ठेवलेलं असतं, ते वापरण्यात कसलाही अनादर नाही.

काय चाखतोय ते कळायला एवढं पुरे. बारोलो पूर्ण नेब्बिओलोचीच, अकरा गावांच्या हद्दीतली, किमान ३८ महिने मुरवलेली, त्यातले १८ लाकडात. ला मोर्रा आणि बारोलोकडची माती तुलनेने नवी आणि मऊ, तिथली वाइन लवकर खुलते. सेर्रालुंगा-मोन्फोर्तेची माती जुनी आणि घट्ट, तिथली वाइन तरुणपणी जिभेला करकरीत लागते. तुम्ही पश्चिमेकडून पूर्वेकडे चालताय, म्हणजे हा फरक पायांना आणि जिभेला एकाच क्रमाने कळत जाईल. म्हणूनच दिशा उलटी करू नका.

---

माळरान

सगळ्यांचे मनापासून आभार. सुधारलेला बेत असा: शनिवारी आल्बा, तिथला शनिवारचा बाजार बघून मुक्काम. रविवारी टॅक्सीने वेरदूनो, पायी ला मोर्रा. सोमवारी बारोलो. मंगळवारी नोव्हेल्लोवरून मोन्फोर्ते. बुधवारी सेर्रालुंगा. गुरुवारी ग्रिन्झाने आणि आल्बा. बॅगा टॅक्सीने. बाटल्या बारोलोतच घ्याव्यात का?

---

पाऊलखूण

शिकारीच्या दृष्टीने बुधवारी सेर्रालुंगा नको. सोमवारीच बारोलोत न थांबता मोन्फोर्ते गाठा. ला मोर्राहून बारोलोपर्यंत उतारच आहे, धुकं उठल्यावर दहाला निघालात तरी संग्रहालय बघून पाचपर्यंत पोचाल. मग मंगळवारी सेर्रालुंगा, त्या रात्रीचं टेबल मात्र आधीच ठरवा. बुधवारी कास्तिल्योने फाल्लेत्तो आणि ग्रिन्झाने करून रात्री आल्बात, तिथे पर्याय भरपूर. गुरुवार पावसासाठी राखीव. पाऊस नाहीच आला तर बार्बारेस्कोला जा, तिथे बुरुजावर चढता येतं आणि सान दोनातोच्या जुन्या चर्चमध्ये वाइनची एनोतेका आहे.

---

तुरिनवासी

या बदलाला दुजोरा. फक्त बारोलोहून मोन्फोर्तेला बुस्सियातून जा, नोव्हेल्लोचा वळसा त्या दिवशी सोडा.

बाटल्या बारोलोत घेऊ नका. भरलेली बाटली सव्वा किलोच्या पुढे जाते. बुधवारी रात्री नाहीतर गुरुवारी आल्बात घ्या, तीच नावं तिथल्या दुकानांत मिळतात. भारतात माणशी दोन लिटरपर्यंत बिनशुल्क नेता येते, म्हणजे पाऊण लिटरच्या दोन बाटल्या. त्या सामानाच्या बॅगेतच जायच्या, हातातल्या पिशवीत चालत नाहीत. प्रत्येक बाटली जाड मोज्यात घालून, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून बॅगेच्या मधोमध कपड्यांत ठेवा. मार्लचा चिखल लागलेले बूट वेगळ्या पिशवीत, कारण तो सुकला की त्याची भुकटी सगळ्या कपड्यांत जाते.